उजवीकडे १० मिलिसेकंद, आणि बेस गायब

रविवारी रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मामा, सिंथ बिघडला वाटतं. मागं बसलेल्यांना बेस ऐकूच गेला नाही." सिंथ, म्हणजे त्याचा सिंथेसायझर कीबोर्ड, ठणठणीत होता. भाच्यानं फक्त एक फॉरवर्ड मनावर घेतला होता: "कीबोर्ड स्टुडिओसारखा रुंद वाजवा, ५ युक्त्या". रुंद म्हणजे डावी-उजवीकडे पसरलेला आवाज. महिनाभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, खाली "प्रत्येक कीबोर्ड प्लेअरला पाठवा" अशी विनंती. आजवर सोडून दिलं. आता घरातच शिरलाय, तेव्हा लिहितो.

पहिली युक्ती, होती तशी: "उजव्या आउटपुटवर १० मिलिसेकंद डिले लावा, डावा कोरा ठेवा. बेससकट सगळे टोन दुप्पट रुंद. हास या शास्त्रज्ञाने हे सिद्ध केले आहे."

डिले म्हणजे आवाज मुद्दाम उशिरा सोडणं. हास खरा माणूस, हे आधी मान्य करतो. हेल्मुट हास, जर्मनीतलं ग्योटिंगेन, १९४९चा प्रबंध. पण त्याचा विषय सिंथ नव्हता, बोलणं होता: एकच प्रतिध्वनी आला तर भाषण समजायला कितपत अडथळा होतो? त्याला आढळलं ते असं. दुसरा आवाज साधारण ५ ते ३० मिलिसेकंद उशिरा आला, तर तो पहिल्यापेक्षा १० डेसिबलपर्यंत मोठा असला तरी कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही. आवाज कुठून येतोय हे कान पहिल्या आवाजावरूनच ठरवतो. म्हणजे उजवीकडे डिले लावला की टोन डावीकडे सरकतो. ज्याचं नाव घेऊन रुंदी विकताय, त्याचाच निष्कर्ष तुमच्या विरोधात जातो!

तरी हे परवडलं. खरं नुकसान पुढे आहे. लग्नाच्या हॉलमध्ये, मंडपात साउंड बहुतेक वेळा मोनोच चालतो, आणि साउंडवाल्याचं त्यात काही चुकत नाही. डाव्या स्पीकरसमोर बसलेल्या काकूंना अर्धाच कीबोर्ड का ऐकवायचा? पण मोनो म्हणजे डावं-उजवं एकमेकांत मिसळणार. ५० हर्ट्झची एक लाट पुरी व्हायला २० मिलिसेकंद लागतात. तिला १० मिलिसेकंद मागं ढकललं की डावीकडचा उंचवटा आणि उजवीकडचा खड्डा एकाच क्षणी येतात आणि बेरीज शून्य होते. तीच गत १५० हर्ट्झची, २५०ची, ३५०ची.

भाचा खालचा 'जी' (G) हा स्वर धरून बसला होता, म्हणजे ४९ हर्ट्झ. त्या स्वराचे विषम हार्मोनिक (मूळ कंपनसंख्येच्या एक, तीन, पाच पटी) ४९, १४७, २४५ असे त्या खड्ड्यांच्या अगदी काठावर. ते गेले. ९८ आणि १९६ हे सम मात्र शाबूत राहिले. राहिलं ते एक सप्तक वर चढलेलं, पोकळ काहीतरी. म्हणजे बेस नुसता बारीक झाला नव्हता, तो भलत्याच सप्तकात वाजत होता. बिचारा व्हॉल्यूम वाढवत राहिला. शून्याचा व्हॉल्यूम किती वाढवणार?

दुसरी युक्ती याहून भारी: "एका बाजूची फेज उलटी करा, आवाज स्पीकरच्या बाहेर जातो." जातो खरा, मोनोत तर पार हॉलच्या बाहेर जातो. दोन्हीकडे तोच सिग्नल आणि एक उलटा, म्हणजे उंचवट्याच्या जागी खड्डा, तर उरतं काय?

तिसरी: "दोन जॅक कशाला? हेडफोनच्या आउटपुटमधून एकच स्टिरिओ वायर मिक्सरच्या लाइन इनपुटला लावा." बॅलन्स्ड इनपुट असेल तर तो जॅकचं टोक आणि त्यामागची रिंग, म्हणजे इथे डावं आणि उजवं, यांच्यातला फरक घेतो. म्हणजे ही वरची दुसऱ्या क्रमांकाचीच युक्ती झाली, फक्त वायरच्या रूपात. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं, बेससुद्धा, कटतं.

चौथीत थोडं तथ्य आहे, नाइलाजानं कबूल करतो. "कोरस लावा, पॅड रुंद होतो." होतो. (पॅड म्हणजे मागं लांबत राहणारा मऊ टोन; कोरस म्हणजे किंचित हलत्या डिलेची प्रत मूळ आवाजात मिसळणं.) रोलँडच्या जुनो-६० (१९८२) आणि जुनो-१०६ (१९८४) या सिंथचा तो पसरट आवाज कोरसचाच आहे. त्यात दोन डिले लाइन असतात, एकीचा वेळ वाढतो तेव्हा दुसरीचा कमी होतो. पण मूळ कोरा आवाज दोन्ही बाजूंना असतोच, म्हणून मोनो केलं की चमक कमी होते, स्वर मरत नाही. फॉरवर्डवाल्यानं हे सांगितलं नाही, कारण त्याला ते ठाऊक नसावं.

पाचवी: "रुंदी कमी-जास्त करणं सॉफ्टवेअरमध्येच जमतं, हार्डवेअरमध्ये पेडल देईल तेवढीच." अरे, ॲलन ब्लुमलाइन या ब्रिटिश इंजिनिअरनं डाव्या-उजव्याच्या बेरीज-वजाबाकीनं रुंदी बदलायची रीत पेटंटमध्ये लिहिली ती १९३१ साली! आणि भाच्याच्या बारा चॅनलच्या मिक्सरवर तर इतकंही लागत नाही. डिलेचं पेडल सिंथ आणि मिक्सरच्या मध्ये लावायचं नाही. ऑक्समधून (मिक्सरची इफेक्टकडे जाणारी वेगळी वाट) पाठवायचं, परत दोन चॅनलवर घ्यायचं, पेडलचा मिक्स पूर्ण वेट, म्हणजे त्यातून फक्त डिलेचाच आवाज. त्या दोन चॅनलचे पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे हे ठरवणारे नॉब) म्हणजेच रुंदीचा नॉब: टोकाला नेले की पूर्ण रुंद, घड्याळातल्या नऊ आणि तीनवर ठेवले की मध्यम, दोन्ही बाराला आणले की मोनो. बेसच्या चॅनलचा ऑक्स बंद. सिंथवर बेस आणि पॅड वेगळ्या आउटपुटला काढता येत नसतील, तर परतीच्या चॅनलवर लो कट (खालचे सूर कापणारं बटण) दाबायचा. कार्यक्रमाआधी दोन्ही पॅन एकदा बाराला आणून ऐकायचं, दहा सेकंदांचं काम आहे.

सगळं ऐकून भाचा म्हणाला, "पण मामा, हेडफोनवर तर काय भारी वाटत होतं!"

वाटणारच. हेडफोनमध्ये डावं डाव्या कानात, उजवं उजव्या कानात. ते एकमेकांना भेटले ते थेट त्या साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये.