चुना-सोड्याने तीळ गळत नाही, कातडी जळते

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक तोडगा पुन्हा पुन्हा फिरतो. पानवाल्याकडचा चुना आणि धुण्याचा सोडा सारखा घेऊन कालवा, टाचणीच्या टोकाने तिळावर लावा, आठवड्यात तीळ मुळासकट पडेल. डाग राहिलाच तर लिंबू चोळा. आणि डॉक्टरकडे जाऊ नका, तीळ कापला की कॅन्सर होतो! एकेक दावा घेऊ.

"घरगुती आहे, अपाय नाही." ओल्या चुन्यात धुण्याचा सोडा पडला की खडू वेगळा होतो आणि मागे उरतो कॉस्टिक सोडा, तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करायला वापरतात तोच. आम्लाने भाजलं तर प्रथिनं गोठतात आणि त्या थराने आम्ल बरंचसं अडतं. अल्कली मात्र चरबी आणि प्रथिनं विरघळवत खाली उतरत राहते, म्हणून जखम लावलेल्या ठिपक्यापेक्षा रुंद आणि खोल होते. लावून बसला असाल तर वाहत्या पाण्याखाली निदान 20 मिनिटं धुवा. वरून लिंबू किंवा व्हिनेगर नको, त्या प्रक्रियेत उष्णता निघते. डोळ्यात गेलं तर धुऊन थेट कॅज्युअल्टी गाठा.

"मुळासकट पडतो." उंच मसाच्या, म्हणजे वर उठलेल्या तिळाच्या, रंगपेशी बहुधा त्वचेच्या आतल्या थरात असतात. वरचं जळतं, खालचं उरतं आणि काही महिन्यांनी व्रणातच वेडावाकडा काळा रंग परत येतो. हा परतलेला तीळ सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोमासारखा, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरसारखा, दिसू शकतो. पहिला तुकडा जळून गेलेला असल्याने पॅथॉलॉजिस्टकडे ताडून पाहायला काहीच नसतं.

"कापला की कॅन्सर होतो." होत नाही. आपल्याकडे मेलॅनोमा विरळा. झालाच तर पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली. तिळाचे दोन अर्ध सारखे नसणं, कडा फाटल्यासारख्या, एकाहून जास्त रंग, 6 मिमीहून मोठा आकार, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे होत राहणारा बदल: असं काही असेल तर लेसर किंवा कॉटरी (विजेने तापवून जाळणं) नको. अख्खा तीळ कापून फॉर्मलिनमध्ये बायोप्सीला गेला पाहिजे. 'तीळ-चामखीळ काढून मिळतील' अशी पाटी लावणाऱ्या पार्लरमध्ये नेमकं हेच होत नाही. तिथे तिळाचा धूर होतो, तपासायला काही उरत नाही. ससून या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवणं यापेक्षा केव्हाही बरं.

निरुपद्रवी उंच मस असेल तर लिग्नोकेनची भूल देऊन ब्लेडने त्वचेच्या पातळीला तासतात आणि तळाशी रेडिओफ्रीक्वेन्सीचं (विद्युतलहरींच्या उष्णतेचं) टोक हलकेच फिरवतात. खोल तिळाला पंच (गोल पात्याने काढणं) किंवा लंबगोल छेद लागतो. लंबगोल छेदाची लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट ठेवावी लागते, नाहीतर टोकांना कातडी फुगते. म्हणजे व्रण तिळापेक्षा लांब होणार, हे आधीच ठाऊक असावं. चेहऱ्यावरचे टाके 5 ते 7 दिवसांत काढतात, पाठीवरचे 10 ते 14. उशीर झाला की रुळासारख्या आडव्या खुणा उरतात.

"डागावर लिंबू." लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की त्वचा भाजून आणखी काळी पडते. दुचाकीवर स्कार्फ बांधला तरी पुण्याचं एप्रिलचं ऊन पोचतंच. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूलने व्रण सुधारत नाही, उलट काहींना पुरळ येतं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं स्टेरॉइड आणि हायड्रोक्विनोनचं 'गोरं करणारं' क्रीम तर कातडी पातळ करून ठेवतं.

करायचं ते सोपं पण कंटाळवाणं आहे. जखम पेट्रोलियम जेलीने ओलसर ठेवा, खपली उपटू नका, हेल्मेटचा पट्टा हनुवटीवर घासत असेल तर मध्ये गॉझ ठेवा. कातडी मिटल्यावर एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन, आणि सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा, 2 ते 3 महिने. व्रण मुरायला 6 महिने ते वर्षभर लागतं, तोवर लाली दिसली म्हणून घाबरून जाऊ नये. खड्डा राहिला तर सबसिजन (सुईने व्रणाखालचे ताणलेले धागे सोडवणं) किंवा फ्रॅक्शनल लेसर असतो.

जखमेची हद्द ओलांडून वाढणारा व्रण म्हणजे केलॉइड. तो नुसता कापला तर बहुधा आधीपेक्षा मोठा येतो. त्यात दर 4 ते 6 आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. छाती, खांदे आणि जबड्याची कड या त्याच्या आवडत्या जागा. दंडावरची बीसीजीची खूण किंवा कान टोचल्याची जागा फुगलेली असेल, तर छातीवरचा निरुपद्रवी तीळ आहे तिथेच राहू द्यावा.