कादंबरीची मालिका करताय? आधी पुस्तक मिटा

हक्क घेतलेत ना कादंबरीचे? झालं, आता ती वाचायची अजिबात गरज नाही, मागच्या कव्हरवर चार ओळी असतात तेवढ्या चॅनेलच्या मीटिंगला पुरतात, तिथे तरी कोणी वाचलीये?

सगळ्यात आधी घर मोठं करा. पुस्तकात दोन खोल्यांचं बिऱ्हाड असेल, असू दे, कॅमेऱ्याची ट्रॉली फिरायला जागा नको का? आणि जिना हवाच, सुनेला पडायला लागतो.

मग एकेक वाक्य घ्या. समजा लेखकाने लिहिलंय, ‘ती काहीच बोलली नाही.’ तो बिचारा पुढच्या परिच्छेदात गेला पण. तुम्ही कुठे निघालात? आधी तिचा क्लोजअप, मग सासूचा, नणंदेचा, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचा, दारात पोछा घेऊन उभ्या मावशींचा, प्रत्येक चेहऱ्यावर तीनदा ढॅण ढॅण ढॅण, मग ब्रेक, ब्रेकनंतर परत बाळकृष्णापासून, कारण कोणीतरी आत्ताच भाकऱ्या उरकून टीव्हीसमोर बसलेलं असतं. चार शब्दांत एक एपिसोड निघाला की नाही?

जब्बार पटेलांचं उदाहरण तर चुकूनही डोळ्यासमोर ठेवू नका. १९७९ साली त्यांनी अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या घेतल्या, पटकथा तेंडुलकरांची, आणि त्यातून केला काय तर एक सिनेमा. एक! आजच्या हिशोबाने हजारेक एपिसोड पाण्यात. वर ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे कोणाच्या पैठणीचा रंगही कळायला नको.

नाटक असेल तर अजूनच सोपं. स्वगत जसंच्या तसं उचला. थिएटरात नट बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेसाठी आवाज लावायचा, तोच लावायला सांगा, फक्त कॅमेरा नाकापासून वीतभर ठेवा. परवा असंच एक बघताना बायको म्हणाली, अहो पडजीभ दिसतेय त्यांची, म्हटलं गप गं, अभिनय आहे तो.

शेवटाचं टेन्शन नको. पुस्तकात नायक मरतो, पण टीआरपी चढला असेल तर मरू देऊ नका, नुसती स्मृती घालवा. पडला असेल तर मात्र पान बत्तीसवरच उरका.

आणि ‘आधारित’ कधीच लिहू नका, लोक मूळ पुस्तक शोधून काढतात आणि बोंबलत बसतात (मी बसतोच). ‘प्रेरित’ लिहा. लेखकाचं नाव टायटल्समध्ये शेवटी टाका, साड्या पुरवणाऱ्या दुकानाच्या आधी की नंतर, ते दुकानदाराला विचारून ठरवा.