यादी मागायचा हक्क अजून आहे

डेटा संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकार कायद्याचं, वैयक्तिक माहिती नाकारण्याबद्दलचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते लागूही झालं, यावरचा लेख आवडला. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, ही ओळच गेली, याचा मनापासून राग येतो. आमच्या जत भागात एका ग्रामपंचायतीत विहीर अनुदानाची यादी मागितली, तर ‘वैयक्तिक माहिती’ असा शेरा मारून अर्ज निकाली काढला. पण अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करणं कलम ४(१)(ख) प्रमाणे आजही बंधनकारक आहे. ८(२) मधली जनहिताची तरतूद, म्हणजे जनहित मोठं असेल तर अशी माहितीही देता येते, तीही शाबूत आहे. दोन्ही कलमं अर्जातच लिहा. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील टाका, सोडू नका.