‘विकिपीडियावर दुरुस्ती करूच देत नाहीत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. आधी आमच्या गिरगावातल्या चाळीच्या ग्रुपवर, मग वाचनालयाच्या, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या, आणि शेवटी मुद्रितशोधकांच्या ग्रुपवरसुद्धा. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: मराठी विकिपीडियावर चूक दिसली तरी हात लावू नका. ती परदेशी कंपनीची वेबसाइट आहे, तिथे पगारी माणसं बसली आहेत आणि सामान्य माणसाने केलेली दुरुस्ती ती पाच मिनिटांत पुसतात. मदत मागायला तिथे कुणी नाही. कोडिंग आणि इंग्रजी आल्याशिवाय काही जमत नाही. तसंही तिथे कुणीही काहीही लिहितं, त्यामुळे सगळं खोटंच. आणि काम करून हवंच असेल, तर पैसे घेऊन पान दुरुस्त करून देणारी माणसं आहेत, त्यांना गाठा.

मी २२ वर्षं मुद्रितशोधन करते. ‘चूक दिसली तरी हात लावू नका’ हे वाक्य मला झोंबलं. आमच्या मजल्यावरची पाचवी-सहावीची मुलं प्रकल्पासाठी मोबाइलवर पहिलं जे उघडतं त्यातून उतरवून घेतात, आणि पहिलं उघडतं ते बहुतेक वेळा विकिपीडियाचंच पान असतं. तिथली चूक तशीच राहिली, तर ती वहीत जाते, वहीतून भाषणात जाते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

आधी मेसेजमधली विसंगती बघा. वरच्या ओळीत म्हणतात, सामान्य माणसाला लिहूच देत नाहीत. खालच्या ओळीत म्हणतात, कुणीही काहीही लिहितं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

परदेशी कंपनी आणि पगारी माणसांचं बघू. विकिपीडिया इंग्रजीत १५ जानेवारी २००१ला सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ला, महाराष्ट्र दिनी. तो चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला आहे, हे खरं. पण ती नफ्यासाठी काढलेली कंपनी नाही, देणग्यांवर चालणारी संस्था आहे. तिथे पगारी माणसं आहेत; ती सर्व्हर सांभाळतात, सॉफ्टवेअर लिहितात, कायद्याची कामं बघतात. गिरगावातल्या वाचनालयाच्या पानावर काय लिहायचं ते ती ठरवत नाहीत. ते ठरवतात तुमच्या-माझ्यासारखे लोक, नोकरी-घर सांभाळून उरलेल्या वेळात. ज्यांना प्रचालक म्हणतात तेसुद्धा बिनपगारी. पान सुरक्षित करणं, वगळणं, त्रास देणाऱ्याला रोखणं असे थोडे जास्त अधिकार त्यांच्याकडे असतात, बस. एखादा बदल उलटवायला, म्हणजे पान पुन्हा आधीसारखं करायला, तर प्रचालक असावंही लागत नाही.

आता ‘पाच मिनिटांत पुसतात’. हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, कारण आमच्याच चाळीत तो घडला आहे. तो मेसेज आमच्या ग्रुपवर टाकणारे नाना त्याच रागात होते. नाना आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत आहेत, ४० वर्षांपासूनचे सभासद. वाचनालयाच्या विकिपीडियावरच्या पानावर स्थापनेचं वर्ष १८२० दिलेलं होतं. नानांनी नातवाच्या फोनवरून, खातं न काढता, १८२० खोडून १८९८ केलं आणि लेखातच पुढे लिहिलं, ‘आधीचे चूक होते, मी ४० वर्षे सभासद आहे.’ वीस मिनिटांत ते गेलं. नाना म्हणाले, ‘अगं, माझ्या वाचनालयाचं वर्ष मला माहीत नाही आणि त्यांना माहीत?’

मी पानाचा ‘इतिहास’ उघडून त्यांच्यासमोर ठेवला. हा इतिहास कुणालाही बघता येतो. प्रत्येक बदलाची तारीख, वेळ, तो कुठल्या खात्यावरून झाला, मजकूर किती वाढला की घटला, आणि बदलाचा सारांश, सगळं ओळीने दिसतं. नानांचा बदल उलटवणाऱ्याने कारण लिहिलं होतं: संदर्भ नाही. त्याच्या खालच्या ओळी बघा म्हटलं. आदल्याच आठवड्यात कुणीतरी टवाळखोराने १८२०चं २०२० केलं होतं. म्हणजे पानावर लक्ष ठेवणाऱ्याला काय दिसलं? आठ दिवसांत दुसऱ्यांदा, खातं नसलेल्या कुणीतरी, कसलाही पुरावा न देता वर्षाचा आकडा बदलला. आकडे गुपचूप बदलून जाणं ही विकिपीडियावरची सगळ्यांत नेहमीची खोडी. नाना तिथे नाना नव्हते. एक बिनसंदर्भाचा बदल होते. नानांना ते पटलं असं नाही, पण ते खुर्चीत टेकले.

मग आम्ही खातं काढलं आणि लेखाला हात न लावता त्याच्या ‘चर्चा’ पानावर लिहिलं. प्रत्येक लेखाला असं पान असतं. नाना स्वतः कार्यकारिणीत आहेत, तेव्हा आपल्याच संस्थेच्या लेखात थेट बदल करण्यापेक्षा तिथे सुचवणं अधिक योग्य. शेवटी चार टिल्डे (~~~~) टाकले की सही आणि वेळ आपोआप उमटते. आम्ही लिहिलं की प्रवेशद्वारावरच्या संगमरवरी पाटीवर शके १८२० आहे, ते कुणीतरी इसवी सन समजून घेतलं असावं; शके १८२० म्हणजे ७८ मिळवून १८९८. चूकही प्रामाणिकच होती. त्या पाटीवर ‘शके’ हा शब्द दाराच्या चौकटीला दिलेल्या ऑइलपेंटखाली अर्धा गेला आहे. लांबून बघणाऱ्याला नुसता आकडा दिसतो.

नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी एका सदस्याने दोन ओळी लिहिल्या: पाटीवर महिना कोणता आहे? माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९ मिळवावे लागतील. आणि छापील संदर्भ आहे का?

नाना फोन हातात धरून गप्प बसले. पाटीवर माघ शुद्ध पंचमी आहे. शक वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. म्हणजे स्थापना १८९९ची. नानांनी वाचनालयाच्या कपाटातून शताब्दीची स्मरणिका काढली. तिच्यात पान ७वर तेच वर्ष, आणि समारंभ झाला होता १९९९च्या फेब्रुवारीत. त्या दिवशी पेढे वाटायला नाना स्वतः दारात उभे होते. इतकी वर्षं तोंडी १८९८ म्हणत आले, कारण ७८ची बेरीज सगळ्यांना पाठ असते. स्मरणिकेचं नाव, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक चर्चेत दिल्यावर त्याच सदस्याने त्याच संध्याकाळी लेख दुरुस्त केला, तळटीप जोडून.

नानांची पहिली दुरुस्ती तशीच राहू दिली असती, तर एक चूक जाऊन दुसरी चूक बसली असती. ती उलटवली गेली म्हणून वर्ष बरोबर आलं. माझ्या कामात हे रोजचं आहे. प्रुफावर लेखकाने स्वतःच्या हाताने केलेली दुरुस्तीसुद्धा आम्ही मूळ प्रतीशी ताडून बघतो, आणि त्यात लेखकाचा अपमान नसतो.

एक मात्र कबूल करते. उलटवणारे पुष्कळदा दोन शब्दांत कारण लिहून मोकळे होतात, आणि नव्या माणसाच्या खात्याला जोडलेल्या चर्चापानावर ठरावीक छापाचा संदेश चिकटवला जातो. सत्तरीच्या माणसाला तो तुसडा वाटतो. ‘संदर्भ दिलात तर नक्की घेऊ’ एवढं एक वाक्य जास्त लिहिलं, तर निम्मी भांडणं होणार नाहीत. मी स्वतः आता ते लिहिते.

पुसल्या जाण्याचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे उतरवलेला मजकूर. पुस्तकातला, वर्तमानपत्रातला परिच्छेद जसाच्या तसा डकवला की तो प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) भंग होतो आणि काढावाच लागतो, माहिती कितीही खरी असली तरी. वाचा, बाजूला ठेवा, आपल्या शब्दांत लिहा आणि कुठे वाचलं ते सांगा.

‘मदत मागायला कुणी नाही’ हे तर सरळ चुकीचं आहे. फोन नंबर नाही, हे खरं. पण लेखाच्या चर्चापानाखेरीज मराठी विकिपीडियावर ‘मदतकेंद्र’ आहे. ‘चावडी’ आहे, जिथे सगळ्यांनी मिळून बोलायच्या गोष्टी मांडतात. सरावासाठी ‘धूळपाटी’ आहे. तिथे काहीही लिहून बघा, मोडून बघा, कुणी रागवत नाही. पान सुरक्षित असेल आणि संपादनाचं बटणच दिसत नसेल, तरी त्याच्या चर्चापानावर काय बदलायचं आणि कशाच्या आधारे ते लिहून ठेवता येतं. इंग्रजी पानावर चूक दिसली, तर तिथे नवख्यांसाठी ‘टीहाउस’ नावाची वेगळी जागा आहे. राज्य मराठी विकास संस्थेने मराठी विकिपीडियाच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. भारतातली पहिली विकी परिषद तर आपल्या मुंबईतच, विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात नोव्हेंबर २०११मध्ये भरली होती, आणि विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स तिला आले होते.

मदत उशिरा मिळते, हे खरं. आम्हाला दहा दिवस लागले. इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या मानाने मराठीत नियमित लिहिणारी माणसं फार थोडी आहेत, आणि तीच मदतकेंद्रही बघतात, खोड्याही निस्तरतात, लेखही लिहितात. उत्तर आलं नाही तर आठवड्याने त्याच ठिकाणी नम्रपणे आठवण करावी. प्रश्न मात्र नेमका असावा. ‘हे पान चुकीचं आहे, दुरुस्त करा’ याला कुणी काय उत्तर देणार? कुठलं वाक्य, त्यात काय चुकलं, त्याऐवजी काय हवं, आणि ते कुठे छापलं आहे, एवढं असलं की समोरच्याचं काम पाच मिनिटांचं होतं.

कोडिंगबद्दल फार लिहायची गरज नाही. ‘संपादन’वर टिचकी मारली की साध्या कागदासारखं पान उघडतं, चुकलेला शब्द खोडायचा, बरोबर लिहायचा, खाली सारांशात कारण लिहायचं आणि ‘बदल प्रकाशित करा’ म्हणायचं. मोबाइलवर मराठी टंकता येत असेल तर तिथेही येतं. साचे (ठरावीक मांडणीच्या तयार चौकटी) आणि तक्ते जरा किचकट असतात. ते धूळपाटीवर शिकावेत, किंवा चर्चापानावर सांगून दुसऱ्याकडून करून घ्यावेत. इंग्रजी तर लागतच नाही. मला मदत करणाऱ्या प्रत्येकाने मराठीतच उत्तर दिलं आहे.

‘सगळं खोटं’ म्हणणाऱ्यांना २००५ सालच्या दोन गोष्टी सांगते. त्या वर्षी अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार जॉन सीगेनथेलर यांच्या पानावर कुणीतरी केनेडी हत्येशी त्यांचा संबंध जोडणारं धादांत खोटं लिहिलं, आणि ते सुमारे चार महिने तसंच राहिलं. हे लपवण्यात अर्थ नाही. हयात व्यक्तींबद्दलचं बिनसंदर्भाचं बदनामीकारक विधान दिसताक्षणी काढायचं, हा नियम आज किती कडक आहे ते त्या पार्श्वभूमीवर समजतं. त्याच वर्षी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने ४२ विज्ञानविषयक नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या: विकिपीडियात दर नोंदीमागे सरासरी चारेक चुका, ब्रिटानिका या नावाजलेल्या ज्ञानकोशात तीनेक. ब्रिटानिकाने त्या तपासणीच्या पद्धतीवर हरकत घेतली, तो वाद वेगळा. पण छापील कोशातही चुका असतात, हे आम्हा प्रुफं वाचणाऱ्यांना कुणी सांगायला नको. ती तपासणी इंग्रजीची होती. मराठीत कच्चे, अर्धवट लेख भरपूर आहेत आणि ‘संदर्भ हवा’ची खूण जागोजागी दिसते. ती खूण दिसली की त्या वाक्यावर विसंबू नका, आणि पुरावा जवळ असेल तर जोडा.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत घातक आहे: पैसे देऊन काम करून घ्या. दादरच्या एका ओळखीच्या कलावंताने असे १५ हजार रुपये दिले. पान आलं, दाखवायला लिंक मिळाली, आणि आठवड्याभरात ते वगळलं गेलं. स्वतंत्र प्रकाशनांत त्यांच्याबद्दल पुरेसं छापून आलेलं नव्हतं आणि लेख जाहिरातीच्या भाषेत होता. पैसे घेणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही. मोबदला घेऊन संपादन करणाऱ्याने ते उघड सांगितलंच पाहिजे, अशी अट विकिमीडियाच्या वापर-अटींमध्ये २०१४पासून आहे. हे एजंट ते सांगत नाहीत. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियावर अशी ३८१ खाती एकदम बंद केली गेली. ती टोळी लहान व्यावसायिकांना आणि कलाकारांना गाठून पान बनवण्याचे, वर ते टिकवण्याचेही पैसे मागत असे. विकिपीडियावरचं कुठलंही पान ‘टिकवून देण्याची’ हमी कुणीही देऊ शकत नाही. जो देतो तो फसवतो आहे. चर्चापानावर लिहायला एक रुपया लागत नाही.

हे सगळं मी चारही ग्रुपांवर टाकते आहे. मेसेज पुढे पाठवलेल्यांपैकी ज्यांची दुरुस्ती खरोखर पुसली गेली असेल, त्यांनी पानाचं नाव मला कळवावं. इतिहास उघडून आपण मिळून बघू. शनिवारी दुपारी तीननंतर मी वाचनालयातच असते. आमच्या पानाला पाटीचा फोटो अजून जोडायचा आहे. चौकटीवरचा तो ऑइलपेंट आधी खरवडायला हवा. नानांनी रंगाऱ्याला रविवारी सकाळी बोलावलं आहे.