खुलासा: एथिडियम ब्रोमाइड हाताला लागलं की कॅन्सर?

‘जेलमधलं एथिडियम ब्रोमाइड हाताला लागलं की कॅन्सर झालाच समजा’ हा विद्यार्थ्यांत फिरणारा मेसेज खरा नाही. प्रयोगशाळेत डीएनएचे तुकडे जेल नावाच्या पातळ थरात वेगळे करतात आणि ते दिसावेत म्हणून हा रंग वापरतात. तो डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांमध्ये शिरतो, अतिनील प्रकाशात नारिंगी चमकतो. यकृताचा अर्क मिसळून केलेल्या चाचणीत जिवाणूंमध्ये उत्परिवर्तनं दिसतात, म्हणून नायट्राइलचे हातमोजे हवेतच. पण जेलमध्ये तो मिलिलिटरला साधारण ०.५ मायक्रोग्रॅम असतो. आणि हेच रसायन ‘होमिडियम’ नावाने आफ्रिकेत गुरांना ट्रिपॅनोसोम या रक्तातल्या परजीवीच्या रोगावर टोचत आले आहेत, किलोमागे १ मिलिग्रॅम! जपायचं ते साठ्याच्या बाटलीला: मिलिलिटरला १० मिलिग्रॅमची, म्हणजे जेलच्या २०,००० पट तीव्र. ‘त्याऐवजी सायबर ग्रीन हा रंग बिनधास्त हाताळा’ हेही चूक, तोही डीएनएलाच चिकटतो. आणि जेल बघताना चेहऱ्यावरच्या ढालीशिवाय अतिनील दिव्यावर वाकाल, तर डोळे त्याच रात्री चुरचुरतील.