इंग्लंडमधल्या बोल्टनच्या ‘ऑल सोल्स’ चर्चविषयीच्या आपल्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘ऑल सोल्स’मध्ये उपाहारगृह, सभागृह आणि कार्यालये थाटणे हा पावित्र्यभंग आहे आणि वसईच्या किल्ल्यातल्या चर्चप्रमाणे ही वास्तूही आहे तशी जपायला हवी होती, असे आपण लिहिले आहे. त्यामागची कळकळ मला समजते, पण हा निष्कर्ष मला मान्य नाही.

वसईच्या त्या चर्चपैकी बहुतेकांची छपरे केव्हाच गेली. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आज त्यांच्या दगडी भिंती तेवढ्या उभ्या आहेत. ‘ऑल सोल्स’ मात्र विटांचे, छप्पर शाबूत असलेले आणि भर कामगारवस्तीतले चर्च आहे. अशा इमारतीला कुलूप लावले की पन्हळी तुंबतात, पाणी भिंतींत मुरते आणि छपराचे लाकूड कुजू लागते. १९८६ साली तिथली नियमित प्रार्थना थांबली आणि पुढच्याच वर्षी ते वापरात नसलेली चर्चे सांभाळणाऱ्या ‘चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट’कडे आले, तरीही त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ त्याला नेमका उपयोग सापडला नव्हता. भोवतालची वस्ती बदलली होती, तिथे आता मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने राहत होती. हे चर्च पुन्हा उघडावे म्हणून पुढाकार घेणारे इनायत ओमरजी याच समाजातले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ही वास्तू मुळात कशासाठी बांधली, हेही पाहायला हवे. सूतगिरणीचे मालक असलेल्या ग्रीनहॉल्श बंधूंच्या पैशातून ती १८८१ साली पुरी झाली. प्रत्येकाला धर्मोपदेशक दिसावा आणि त्याचे शब्द ऐकू यावेत, यासाठी पेली आणि ऑस्टिन या वास्तुविशारदांनी सुमारे ५२ फूट रुंदीचे दालन मध्ये एकही खांब न घेता उभारले. माणसांनी एकत्र बसावे, हा हेतू त्या बांधणीतच आहे. २०१४च्या डिसेंबरात चर्च पुन्हा उघडले, ते याच मोकळ्या दालनात स्वतंत्रपणे उभ्या केलेल्या बहुमजली खोल्यांसह. सुमारे ४९ लाख पौंडांच्या या कामाचा मोठा भाग लॉटरीच्या पैशातून वारसा जपायला मदत करणाऱ्या हेरिटेज लॉटरी फंडाने उचलला.

या खोल्यांमुळे दालनाचा एकसंध विस्तार पूर्वीसारखा एका दृष्टिक्षेपात दिसत नाही, हा आपला आक्षेप मात्र खरा आहे आणि ते नुकसान मलाही खटकते. पण नव्या खोल्यांचा भार जुन्या भिंतींवर नाही, त्यामुळे पुढच्या पिढीला नको वाटल्यास त्या काढता येतील; कुजून कोसळलेले मूळ छप्पर तसे परत आणता आले नसते.

राहिला पावित्र्याचा प्रश्न. या ट्रस्टकडची बहुतेक चर्चे धार्मिक विधीने पावन केलेली वास्तू म्हणूनच राहतात आणि तिथे अधूनमधून उपासनाही होऊ शकते. तेव्हा शेजारच्या टेबलावर कोणी चहा घेत असल्याने ती वास्तू भ्रष्ट होते, असे मी मानत नाही.