गाडी वर गेली की विकास झाला?

आमच्या आतेभावाने परवा फॅमिली ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. सहकुटुंब माथेरानला गेले होते. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागली, ई-रिक्षाच्या रांगेत मुलं रडकुंडीला आली, नवे बूट लाल मातीने माखले. ‘चंद्रावर यान जातं, माथेरानला गाडी जात नाही!’ आणि शेवटी ठेवणीतला टोमणा: ‘जपानमध्ये चालेल का असं? विचारा आपल्या साहेबांना.’

साहेब म्हणजे जपानात राहणारा मी. आणि साहेब नेमके त्या शनिवारी कारुइझावा या तिथल्या थंड हवेच्या गावी, ‘जुना गिंझा’ नावाच्या पेठेत उभे होते.

तर दादा, चालतं. बंधनांवरच चालतं. नागानोमधलं हे गाव हजारेक मीटर उंचीवर, तोक्योहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वा तास. इथली कोनबिनी, म्हणजे एरवी दिवसरात्र उघडं असणारं किराणा-खाऊचं दुकान, रात्री अकराला शटर ओढते आणि तिची पाटीसुद्धा तपकिरी, नेहमीचा भडक रंग चालत नाही. बंगल्यांच्या भागात दोन मजल्यांवर घर चढवता येत नाही. २५ जुलै ते ३१ ऑगस्ट, म्हणजे ऐन हंगामात, बांधकामाची ठोकाठोक थांबवायची अशी गावाची रीत. यामुळे गाव मागासलं असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. जागेचे भाव तर विचारूच नकोस.

आता तू म्हणशील, तिथे गाड्या तर जातात ना? जातात. गोल्डन वीकमध्ये, म्हणजे एप्रिल-मेच्या सुट्ट्यांत, रस्त्यावर मुंगीच्या पावलांनी सरकतात. मुद्दा तो नाही.

दोन्ही गावं गोऱ्यांनीच नावारूपाला आणली, हा योगायोग मला फार आवडतो. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या नजरेत भरलं. कारुइझावा हे नाकासेंदो या जुन्या रस्त्यावरचं मुक्कामाचं ठिकाण. उसुई घाटातून नवा रस्ता झाला, वाटसरू तिकडे वळले आणि गावाचा धंदा बसला. १८८६ मध्ये शॉ नावाचा कॅनडात जन्मलेला मिशनरी आला, त्याला हवा मानवली, मग त्याचे मित्र आले, बंगले झाले. आज पेठेत पाव, जॅम, कोरीव लाकडी सामान दिसतं ते त्या बंगलेवाल्यांच्या गरजेतून आलेलं. पेठ संपली की थोड्याच अंतरावर झाडीत शॉचं छोटं चर्च आहे.

जॅमच्या दुकानात बाईंनी इवल्याशा चमच्यावर रुबार्बचा जॅम चाखायला दिला. आंबटगोड, थेट आईच्या मेथांब्याच्या वळणावर जाणारा. मी जपानीत भाव विचारला, उत्तर इंग्रजीतून आलं. नेहमीप्रमाणे. बरणी कागदात गुंडाळली, कागदाच्या कडा नखाने दाबल्या, मग पिशवी, मग पिशवीला चिकटपट्टी. माथेरानच्या बाजारात चिक्कीचा तुकडा हातावर ठेवून ‘खाऊन तर बघा, मग घ्या’ म्हणतात, त्यातला मोकळेपणा इथे नाही. हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही.

आणखीही एक लिहिलं नाही. स्टेशनच्या दक्षिणेला भलंथोरलं आउटलेट पसरलंय, आमच्या ट्रेनमधली निम्मी गर्दी तिकडेच गेली. दुपारनंतर मीही. बूट घेतले, स्वस्त पडले. फोटो पाठवले ते चर्चजवळच्या झाडांचे.

माथेरानची हातरिक्षा बंद व्हायलाच हवी होती, त्यावर माझा वाद नाही. माणसाने माणूस ओढायचा नाही हे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, सहा महिन्यांत बंद करा म्हणून. ई-रिक्षाही ओढणाऱ्यांनीच मागितली होती. पण त्यातून तुझी इनोव्हा वर न्यायचा हक्क कुठून निघतो?

दादाचं उत्तर दोन ओळींचं: ‘तू येत नाहीस, राहत नाहीस. तुला काय त्याचं?’

झोंबलं. इथे कर भरतो, कचरा वारांनुसार वेगळा करतो, पण नगरपालिकेच्या निवडणुकीत मला मत नाही. तिकडे मत आहे, पण ते टाकायला स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं, आणि तेवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढणारा माणूस मी नाही. म्हणजे मत द्यायला जागा उरली ती फॅमिली ग्रुपची. तिथे मी देणारच. दादाने म्यूट केलं तरी.